इंजिनाखालचं रबर

कौंडण्यपूरच्या कार्तिकी यात्रेला आमचे अण्णा तीस वर्षं पायी गेले. मग अर्धांगवायूने त्यांची डावी बाजू गेली आणि यात्रा राहिली. अण्णांचा, म्हणजे मोरोपंत मास्तरांचा, मुलगा अमरावतीत वकिली करतो, पण बापाला वर्धा नदीकाठच्या त्या यात्रेला नेऊ शकत नाही, हे मला आतून खायचं. दोन वर्षांनी एक जुनी मोटार घेतली ती एवढ्यासाठीच.

पहिल्या फेरीत गाव सुटतं न सुटतं तोच अण्णा कळवळले, "चिंतामणा, मागे फिरव." रस्ता बरा होता. थरथर इंजिनाची होती, ती त्यांच्या लुळ्या खांद्यात चढून ठणकत होती.

हलेल ते आवळावं, हा माझा स्वभाव. ड्रायव्हर भगवंतला म्हटलं, "इंजिनाचे बोल्ट कस." त्याची दहा वर्षं अकोटच्या कापसाच्या जिनिंगमध्ये इंजिनाशेजारी गेलेली.

"आवळून काई होत नाही, वकीलसाहेब. उलट वाढते."

"मला अक्कल शिकवू नकोस."

त्याने बोल्ट कसले. आता दारंही खडखडू लागली. तरी चूक लगेच कबूल करील तो वकील कसला? आठवडाभराने म्हणालो, "कर बाबा तुझ्या मनासारखं."

भगवंतने लॉरीच्या फाटक्या टायरचे तुकडे कापून इंजिनाच्या पायांखाली आणि बोल्टांभोवती बसवले, लोखंडाला लोखंड कुठेच टेकू दिलं नाही. जाड तुकड्यांवर इंजिन झोकांड्या खाऊ लागलं, पातळांवर थरथर परत आली. तिसऱ्या खेपेला जमलं.

"इंजिनाले हलू द्या, साहेब. त्याचं कामच हाय ते. गाडीले त्याचा पत्ता लागू नये, बस."

यात्रेच्या सकाळी निघालो. मी मागे अण्णांजवळ बसलो. मोटार खरंच शांत चालली होती. तरी दोन मैलांवर अण्णांचा चेहरा पिळवटला आणि मी भगवंतवर खेकसलो, "हेच का तुझं रबर?"

त्याने गाडी थांबवून मागे पाहिलं. "इंजिन तं गप हाय, साहेब. तुमीच अण्णायले काहून आवळून राहिले?"

माझे दोन्ही हात त्यांच्या खांद्यावर रुतले होते. दुखणं आल्यापासून जेवताना, अंघोळीला, खाटेवरून उठताना मी त्यांना असाच धरत आलो होतो. ते पडतील या भीतीने माझा जीव जायचा.

हात काढले. गाडी सुरू झाली. वळणावर अण्णा कलले, मी पुढे झालो, पण त्यांनी उजव्या हाताने सीट धरून स्वतःला सावरलं. पुढच्या वळणावर ते गाडीबरोबर डुलले आणि परत सरळ झाले. चेहरा सैल झाला होता. बाहेरच्या कपाशीकडे बघत ते म्हणाले, "येतं रे मला बसता. दोन वर्षं हेच सांगत होतो तुला."