उडीचा रस्ता

वसंतनं दांडा उजवीकडे दाबला आणि पडद्यावरचा पिवळा माणूस शिडीपाशी आणून उभा केला. वरून धोंडे गडगडत येत होते. शिडीनं गेलं की माणूस सहसा मरत नाही, पण फार वेळ खातो. कोपऱ्यातलं घड्याळ शून्यावर आलं की खेळ खलास. दुसरा रस्ता उडीचा. कठड्याच्या पार टोकावरून वर-खाली होणाऱ्या पाळण्यावर झेपावायचं. जमलं तर थेट चौथा मजला, हुकलं तर खड्डा. चौथा मजला वसंतनं अजून पाहिला नव्हता.

महाल भागातलं हे व्हिडिओ गेमचं दुकान दवाखान्यासमोरच होतं. दर महिन्याला शालिकराम धाकट्या भावाला सायकलच्या कॅरियरवर बसवून आणी. डॉक्टर बोलत ते घरातल्या मोठ्याशी. ज्याचं दुखणं त्यानं तोवर बाहेर थांबायचं. चोवीस वर्षांच्या वसंतच्या हृदयाची झडप आखडली होती. जिना बंद, सायकल बंद. पळायचं ते इथंच.

दोन वर्षांपूर्वी, पंच्याऐंशी साली, डॉक्टरांनी मुंबईला ऑपरेशन करा म्हणून सांगितलं होतं. दहातले दोन टेबलावरच जातात, हेही लपवलं नव्हतं. शालिकरामनं नेमके ते दोनच ऐकले. गोळ्यांवर भागवू, म्हणाला. आणि इथं मागं उभा राहूनही एकच धोशा: शिडी धर, घाई नको.

आज तो दवाखान्यातून आला आणि गुपचूप मागं उभा राहिला.

"काय म्हनलं डॉक्टरनं?" वसंतनं पडद्यावरची नजर न काढता विचारलं.

"गोळ्या बदलल्या."

"दादा, मी ठरवलं. दिवाळी झाली की मुंबईले जाऊ. भेव वाटते, नाही असं नाही. पन असं बसून बसून कटाळलो गा मी."

शालिकरामनं मान डोलावली. हृदय फार वाढलंय, आता कुणी सर्जन हात लावणार नाही, असं डॉक्टर आत्ताच म्हणाले होते. मागच्या वर्षी मुंबईला नेलं असतं तर, इथवर बोलून ते कागद चाळत बसले होते. शालिकरामला स्वतःची अशी चीड आली होती की तिथंच भिंतीवर डोकं आपटावं.

घड्याळात वीस उरले. वसंतचा माणूस सवयीनं शिडी चढू लागला.

"शिडी राहू दे," शालिकराम म्हणाला. "उडी मार."

"तू म्हनून राहिला हे?"

"मार ना गा. चौथा मजला एकदा पाहून तर घे."

वसंत हसला. माणसाला टोकावर नेलं, अगदी टोकावर, आणि बटण दाबलं. पाळणा सापडला. चौथा मजला आला: निळं आभाळ, दोन-चार चांदण्या, बस्स.

वसंतनं तो धड पाहिलाच नाही. त्याचं हसू मावळलं होतं. दांडा सोडून तो सावकाश वळला आणि भावाच्या तोंडाकडे पाहत राहिला.

"दादा, किती दिवस सांगतले?"