चौडप्पांची अव्वा आणि शाळेचा प्रोजेक्टर

मित्रांनो, शरावती नदीवरच्या धरणाच्या पाण्याकाठी एक सरकारी हायस्कूल आहे. तिथल्या नववीच्या वर्गात, टेबलावर दोन जाडजूड शब्दकोशांच्या वर जो बसलेला असतो तो मी. शाळेचा जुना प्रोजेक्टर. माझा पांढरा रंग आता पिवळट झाला आहे. माझा पंखा एकदा घरघरू लागला की मागच्या बाकावरच्यांना बाईंचे बोलणे ऐकू जात नाही. तरीही गेल्या जानेवारीत माझ्या उजेडात जे घडले ते आठवले की मला अजून हुरूप येतो. म्हणून सांगायला बसलो आहे.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात झाला. पेटीत बंद करण्याआधी एका बाईने माझ्या भिंगावर फुंकर घालून ते पुसले, एवढेच तिथले आठवते. पहिली चार वर्षे बंगळूरच्या एका कचेरीत गेली. तिथे मी आकड्यांचे तक्ते दाखवत असे आणि माझ्या उजेडात मोठमोठी माणसे डुलक्या काढत. मग कचेरीने नवे यंत्र घेतले आणि मला या शाळेला देऊन टाकले.

मला न्यायला शाळेचे शिपाई चौडप्पा आले. दिवसभराच्या बसप्रवासात त्यांनी मला मांडीवरून खाली ठेवले नाही. कंडक्टरने विचारले, "काय हो, नातू का?"

"नातवाहून नाजूक आहे," चौडप्पा म्हणाले. "ह्याला कुठे दुखलं तर रडूनही सांगता येत नाही."

शाळेतली पहिली वर्षे माझ्या सुखाची होती. धडधडणारे हृदय मी दाखवले, ज्वालामुखी दाखवला. देवमासा भिंतीवर आला तेव्हा पहिल्या बाकावरच्या मुलांनी पाय वर घेतले. रोज सकाळी चौडप्पा मऊ फडक्याने माझी काच पुसत. पुढे ते निवृत्त झाले, शाळेत मोठा टीव्ही आला आणि माझी रवानगी कपाटात झाली. तिथे फुटका पृथ्वीगोल माझा शेजारी होता. माझ्या जाळीत पालीने अंडी घातली, तीही मी मुकाट्याने उबवली. कितीतरी वर्षे मला कुणी हाक मारली नाही.

मग एका वादळात वीज कडाडली आणि टीव्ही जळाला. त्याच सुमारास विज्ञानाच्या शैलजा मिस कसलेसे प्रशिक्षण घेऊन परतल्या होत्या. शब्द लिहिले की चित्र काढून देणारे यंत्र त्यांना नववीला शिकवायचे होते, आणि ते सगळ्या वर्गाला एकदम दिसायला हवे होते. कपाट उघडले. पण माझ्या खोडी कुणालाच ठाऊक नव्हत्या. चौडप्पा तेव्हा एकाहत्तर वर्षांचे होते, तरी शाळेच्या बागेला पाणी घालायला ते रोज येत. त्यांनाच बोलावणे गेले.

"आधी डाव्या बाजूने दोन थपडा," ते म्हणाले. "जोरात नको. झोपलेल्या माणसाला उठवतात तशा."

मी लागलो.

मित्रांनो, त्या पहिल्या तासाची मजा काय सांगू! भुवन नावाचा बडबड्या मुलगा लॅपटॉपवर बसला होता. त्याने लिहिले, 'फणसावर बसून उडणारी आमची शाळा'. आमच्याकडचे इंटरनेट रखडत चालते, म्हणून चित्र वरून खाली एकेक पट्टी उतरू लागले. आधी आभाळ, मग कौले, मग फणसाचे काटे. अख्खा वर्ग श्वास रोखून होता. शेवटी फणसाच्या बुडातून धूर निघाला आणि चाळीस मुले एकदम हसली. मग गणवेशातला धनेश पक्षी आला, मग पाण्यावर चालणारे मुख्याध्यापक आले. मी आजवर लोकांनी काढून ठेवलेली चित्रे दाखवली होती. जगात कुठेच नसलेले चित्र माझ्यासमोर जन्माला येत होते ते पहिल्यांदाच. माझा पंखा आनंदाने ओरडत होता.

सगळ्यांनाच आनंद झाला होता असे मात्र नाही. चित्रकलेचे मंजप्पा मेष्ट्रु, म्हणजे मास्तर, दाराशी उभे होते.

"सर, ह्याने मुख्याध्यापकांना सहा बोटं काढलीत," भुवन म्हणाला.

"मग तू मार्क कापलेस का?" मेष्ट्रु म्हणाले. "मी असतो तर कापले असते."

वर्ग रिकामा झाल्यावर स्पंदना मागे राहिली. ती कमी बोलायची, पण जिल्ह्यात चित्रकलेचे पहिले बक्षीस तिने आणले होते. ती मेष्ट्रुंना म्हणाली, "मला धनेश काढायला तीन आठवडे लागले होते, मेष्ट्रे. ह्याला एक मिनिट लागलं. आता मी काय काढू?"

मेष्ट्रु तिच्या शेजारच्या बाकावर बसले. "खरं सांगू?" ते म्हणाले. "मला माहीत नाही. तीस वर्षं शिकवतोय, पण असं मला कुणी विचारलं नव्हतं."

त्यानंतर पंधरा दिवस स्पंदनाने चित्रकलेची वही आणली नाही.

शाळेचा पन्नासावा वाढदिवस जवळ आला होता. शैलजा मिसनी एक बेत काढला. धरणाच्या पाण्याखाली गेलेले नेल्लिगोडू गाव चित्रांतून उभे करायचे. आमच्या भागातली निम्मी घरे त्या गावातून उठून आलेली. पण गावाचा एकही फोटो कुणाकडे नव्हता. म्हणून शनिवारी गावातली म्हातारी माणसे वर्गात बोलावली. ती आठवणी सांगतील, मुले यंत्राला लिहून देतील, असे ठरले.

सुरुवात वाईट झाली. विचारले तर म्हातारी माणसे म्हणत, "चांगलं गाव होतं." त्यापुढे काही नाही. वैतागून भुवनने यंत्राला तेवढेच लिहिले: नदीकाठचे चांगले गाव. यंत्राने कौलारू दगडी महाल उभे केले आणि मागे बर्फाचा डोंगर.

"हे कुणाचं घर?" एक आजी म्हणाल्या. "पाटलाच्या बापाचंसुद्धा एवढं नव्हतं."

"कौलं कुठली आली? गवताचं छप्पर होतं!"

"आणि ओढ्यावरचा साकव कुठाय? सुपारीच्या खोडांचा?"

"तो देवीच्या देवळाच्या डावीकडे."

"उजवीकडे! तुझं लग्न होऊन तू आलीस तेव्हा तो वाहून गेला होता. नवा बांधला तो डावीकडे."

मग काय विचारता! चुकीचे चित्र दिसले की म्हाताऱ्या माणसांना गप्प बसवत नाही, हे गुपित त्या दिवशी मुलांना कळले. भुवन मुद्दाम चुकीचे लिहू लागला. विहिरीला लोखंडी रहाट काढला की तीन आजोबा उठून उभे. इतक्या दुरुस्त्या येऊ लागल्या की कुणाच्याच ध्यानात राहीनात. तेव्हा स्पंदना उठली आणि भिंतीवर माझ्या उजेडाशेजारी जो काळा फळा आहे त्यावर खडूने ओढा काढू लागली. मग साकव, मग खळे, मग कुणाची गोठ्याची वाट. "थोडं वर, पोरी. हां, तिथेच." दुपारपर्यंत फळ्यावर सगळे गाव आले होते. खडू हातात धरून पंधरा दिवसांचे मौन तिने कधी सोडले, हे तिचे तिलाही कळले नाही.

माणसे उठून जाऊ लागली, तेव्हा चौडप्पा पुढे आले. ते भुवनला हळूच म्हणाले, "हे यंत्र माझी अव्वा दाखवेल का रे?"

अव्वा म्हणजे त्यांची आई. गाव बुडण्याच्या दोन वर्षे आधी ती तापाने गेली होती. चौडप्पा तेव्हा नऊ वर्षांचे. तिचाही फोटो नव्हता.

"का नाही, अज्जा? सांगा तुम्ही," भुवन म्हणाला.

सावळी. बारीक. नाकात चमकी. डोक्यावर गवताचा भारा. पहिली बाई फारच गोरी आली. दुसरी सिनेमातल्या नटीसारखी. भुवन जिद्दीला पेटला होता. सहाव्या वेळी एकेक पट्टी उतरत चित्र पुरे झाले आणि चौडप्पांचे बोलणे थांबले. ते उठून भिंतीपाशी गेले. हात जोडून उभे राहिले. इतके जवळ, की त्यांचीच सावली तिच्यावर पडली. मग त्यांच्या ध्यानात आले आणि ते बाजूला सरले.

मुलांनी टाळ्या वाजवल्या. शैलजा मिसनीही वाजवल्या. भुवनने ते चित्र सागर शहरात जाऊन कागदावर छापून आणले आणि चौडप्पांनी ते घरात टांगले. मी तर फुगून गेलो होतो. ज्या माणसाने मला मांडीवरून आणले त्याला मी त्याची आई दाखवली, असे मला वाटत होते.

चार दिवस चौडप्पा बागेकडे फिरकले नाहीत, मग एकदम वर्गात आले. त्यांनी ते चित्र वर्तमानपत्रात गुंडाळून आणले होते.

"भुवना, हे परत घे."

"काय झालं, अज्जा? फाटलं का?"

"नाही रे. चांगलं आहे." ते बाकावर बसले. "डोळे मिटले की अव्वा मला दिसायची. भारा घेऊन पुढे चाललेली, पाठमोरी. मी हाक मारली की वळायची. आता हाक मारली की ही वळते. ही बाई छान आहे. पण ही माझी नाही. आणि माझी कुठे गेली ते कळत नाही."



"मी दुसरं काढून देतो, अज्जा. अगदी बरोबर," भुवन म्हणाला.

"नको. तीही येऊन बसेल."

"चूक माझी आहे," शैलजा मिस म्हणाल्या. "टाळ्या वाजवण्याआधी मी थांबायला हवं होतं."

मला लाज वाटली, मित्रांनो. ते चित्र मीच मोठे करून भिंतीवर फेकले होते.

बोलली ती स्पंदना. "अज्जा, तुमची अक्का आहे ना पलीकडच्या तीरावर? त्यांना आठवत असेल."

अक्का, म्हणजे गुत्यम्मा, शुक्रवारी लाँचमधून आल्या. चौडप्पांहून पाच वर्षांनी मोठ्या, आणि आवाज असा की माझा पंखा त्यापुढे काहीच नाही. "आधी ते तुमचं चित्र बघू दे," त्या म्हणाल्या. भुवनने भीत भीत ते लावले.

"ही कोण? कुणाची सून म्हणायची ही?"

वर्ग हसला. मग त्या आठवड्यात पहिल्यांदा चौडप्पा हसले.

"अरे, अव्वेचा पुढचा दात तुटका होता," गुत्यम्मा म्हणाल्या. "सुपारी फोडायची ना दाताने! हसताना पदर धरून तोंड झाकायची, विसरलास?"

"तोंड झाकायची," चौडप्पा म्हणाले. "हो. आणि मनगटावर गुळाच्या काहिलीचा डाग."

"डाव्या."

"डाव्याच."

स्पंदनाने फळ्यावर कोरा कागद लावला होता. तिने एकच अट घातली. दोघांचे ज्यावर एकमत होईल तेवढेच ती काढणार. तोंडावर पदर धरलेला हात आला. मनगटावरचा डाग आला. हसताना बारीक झालेले डोळे आले. त्यांवर दोघे लगेच हो म्हणाले. डाव्या कानाची पाळी फाटकी होती, ती तिने दोनदा खोडून पुन्हा काढली. नाकावर भांडण झाले.

"माझ्यासारखं होतं," गुत्यम्मा म्हणाल्या.

"तुझ्यासारखं? तुझं तर बापासारखं आहे!"

नाक पदराच्या घडीत राहिले. कपाळही कोरेच राहिले. मंजप्पा मेष्ट्रु मागेच उभे होते, त्यांच्या चपलांची चाळवाचाळव मला ऐकू येत होती. एरवी मुलांच्या हातातली पेन्सिल घेतल्याशिवाय त्यांना राहवत नसे. त्या दिवशी ते एवढेच म्हणाले, "इथे थांब आता. पुरे झालं."

चौडप्पांनी डोळे मिटले असावेत, कारण गुत्यम्मांनी विचारले, "आली?"

"आली," ते म्हणाले. "पण पाठमोरीच आहे."

"मग हाक मार की."

त्यांनी अगदी हळू हाक मारली. पुढे काय झाले ते त्यांनी कुणाला सांगितले नाही आणि कुणी विचारलेही नाही. पण दुसऱ्या दिवशी पहाटेच बागेला पाणी घातलेले होते.

शाळेच्या वाढदिवसाला पाच गावांतून माणसे आली. दिवसभर मी नेल्लिगोडू दाखवत होतो. यंत्राचे एकोणिसावे चित्र, तरीही साकवाचा एक खांब चुकलेला. भुवनने प्रत्येक चित्राखाली लिहिले होते: हे यंत्राने कल्पनेने काढले आहे, चूक दिसल्यास सांगा. संध्याकाळपर्यंत त्रेसष्ट चुका निघाल्या आणि त्याची वही भरली. स्पंदना आता यंत्राशी भांडते, त्याला कामालाही लावते, आणि तिची वही पुन्हा दप्तरात असते. मेष्ट्रुंच्या मनातली अढी पुरती गेलेली नाही. बरे आहे. वर्गात अढी असलेला एकतरी माणूस असावा.

मित्रांनो, आता माझे मागणे ऐका. माझी जाळी महिन्यातून एकदा पुसा. दिवा थंड होईपर्यंत वायर ओढू नका. आणि माझ्या उजेडात कुणाचे घर, कुणाचे गाव, कुणाची आई उभी केलीत, तर टाळ्या वाजवण्याआधी मागे वळून त्या माणसाच्या चेहऱ्याकडे बघा. तेवढे तुम्हालाच करावे लागेल. माझे तोंड भिंतीकडे असते.