मास्तरांची सर्दी

सोलापुरात गड्ड्याची जत्रा उठली आणि शुक्रवार पेठेत सर्दी बसली. ती दरवर्षीच बसते. पंधरा दिवस धूळ खायची, गर्दीत अंगाला अंग घासायचं, मग कुणाचं नाक गळतं, कुणाला ताप भरतो, कुणी चार दिवस कण्हत पडतं आणि पाचव्या दिवशी उठून कामाला लागतं. पण सन चौतीसच्या त्या हिवाळ्यात पेठेला रावजी मास्तर मोकळे सापडले होते. साध्या सर्दीला साधं राहू देतील तर ते मास्तर कसले!

मास्तर शाळेतून निवृत्त होऊन चार वर्षं झाली होती, पण त्यांच्या अंगातली छडी काही निवृत्त झाली नव्हती. समोरच्यानं 'व्हय' म्हटलं की मास्तर 'होय म्हण' म्हणायचे, आणि तो होय म्हणेपर्यंत पुढचं ऐकायचेच नाहीत. वाचनालयातून आदल्या दिवशीचं इंग्रजी वर्तमानपत्र आणायचं, स्वतःच्या ओट्यावर बसून ते आधी इंग्रजीत मोठ्यानं वाचायचं आणि मग अडाण्यांच्या उद्धारासाठी त्याचं मराठी करायचं, हा त्यांचा रोजचा उद्योग. इंग्रजी कुणाला कळत नव्हतं. मास्तरांनाही ते किती कळत होतं हे तपासणारा पेठेत कुणी नव्हता, एवढंच त्यांचं भाग्य.

एका जुन्या अंकात त्यांना बातमी सापडली. विलायतेतल्या डॉक्टरांनी तापानं फणफणलेल्या माणसाच्या घशातलं पाणी घेतलं आणि ते फेरेट नावाच्या प्राण्याच्या नाकात घातलं, तर तो प्राणी माणसासारखा शिंकायला लागला. बातमी एवढीच. आता फेरेट म्हणजे काय? मास्तरांनी कोश उघडला. कोशात छापलं होतं, 'मुंगसासारखा एक विलायती प्राणी'. मास्तरांनी त्यातलं मुंगूस उचललं आणि 'सारखा' तिथंच ठेवला. आणि माणसाकडून जनावराकडे गेलेला रोग त्यांनी ओट्यावर येईपर्यंत जनावराकडून माणसाकडे आणून सोडला.

"रोगाचं मूळ सापडलं," त्यांनी जाहीर केलं, आणि रुमालात खच्चून शिंकले. "मुंगसाचं नाक!"

मास्तर स्वतः गड्ड्यावरून येतानाच गळत्या नाकानं आले होते. ती मात्र सर्दी नव्हती. ती धूळ होती.

साऱ्या पेठेत मुंगूस एकच होतं आणि ते निंगव्वाचं होतं. निंगव्वा शेंगाची चटणी कांडून विकायची. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली, तीत उखळ आणि मागं शेंगांची पोती. शेंगा म्हटलं की उंदीर आले, आणि उंदीर म्हटलं की सोलापूरच्या माणसाला प्लेग आठवतो. म्हणून तिनं मुंगूस पाळलं होतं, असं ती सांगायची. खरं म्हणजे ते पिल्लू असताना पावसात भिजून तिच्या उंबऱ्याशी आलं होतं आणि तिला ते हाकलवलं नव्हतं. सन अठरात मानमोडीच्या तापाच्या साथीत नवरा आणि दोन्ही पोरं एका आठवड्यात गेल्यापासून त्या घरात तिच्याशिवाय श्वास घेणारं कुणी नव्हतं. पिल्लाचं नाव तिनं गुंड्या ठेवलं. तिच्या घरात अंडंसुद्धा शिजत नसे. गुंड्याला ती वाटीभर दूध द्यायची आणि बाहेर तो काय खातो याची चौकशी करायची नाही.

मास्तरांनी 'पेठ आरोग्य मंडळ' काढलं. अध्यक्ष मास्तर, चिटणीस मास्तर, आणि शिपाई धुळा हमाल, कारण तो लहानपणी मास्तरांच्या हातचा मार खाल्लेला आणि अजून त्यांना नाही म्हणायला घाबरणारा. हे मंडळ दारोदार फिरायला लागलं. मास्तर प्रत्येक घरात शिरायचे, ऐसपैस बसायचे, बायकापोरांना जवळ बोलवायचे आणि मुंगसाच्या नाकातून रोग कसा उडतो ते स्वतः शिंकून दाखवायचे. दाखवायला त्यांना कष्ट पडत नव्हते. मग म्हणायचे, "मानमोडी परत येते आहे. त्या निंगव्वाच्या घरून येते आहे."

मानमोडीचं नाव काढलं की हसणाऱ्याचं हसू विझायचं. सोळा वर्षं झाली होती, पण त्या सालात ज्याच्या घरातलं कुणी गेलं नाही असं घर पेठेत नव्हतं. लोक निंगव्वाच्या दुकानावरून पलीकडच्या कडेनं जायला लागले.

निंगव्वाला लिहितावाचता येत नव्हतं, पण तिचे पाय रोज सगळी पेठ फिरत होते. चटणी घरोघर तीच पोचवायची. तिला एक गंमत दिसली. मंगळवारी मास्तर ज्या आळीत बसून आले, ती आळी शुक्रवारी अंथरुणाला खिळली. बुधवारी ज्या घरांत त्यांनी चहा घेतला, तिथं शनिवारी चहा करायला कुणी उभं नव्हतं. आणि मारुतीमागच्या गल्लीत, जिथं मास्तरांचं जुनं भांडण असल्यामुळे ते पाऊल टाकत नसत, तिथं एकही पोर शिंकत नव्हतं. गुंड्या तर रोज त्याच गल्लीत उंदरांमागं असायचा.

मंडळ तिच्या दारात आलं तेव्हा तिनं हे सरळ तोंडावर सांगितलं.

"मास्तर, मुंगसाच्या मागं कशाला फिरताय? तुमी जाऊन आला की लोकं पडत्यात. तुमी न्हाई गेला तितं समदी धड हायत की."

"नाही म्हण," मास्तर म्हणाले. "न्हाई नव्हे."

"बरं, नाही. पर मी काय म्हटलं ते ऐकलासा का?"

"अशिक्षितांचं हेच होतं." मास्तर धुळाकडे वळून हसले. धुळाला काय हसायचं ते कळलं नाही, पण तोही हसला. "बाई, हे विलायतेत सिद्ध झालं आहे. छापून आलं आहे. मानमोडी आठवते ना तुला?"

उखळातलं मुसळ निंगव्वाच्या हातात तसंच राहिलं.

"मला इचारता व्हय? तीन मढी उचलली या उंबऱ्यातनं. त्या साली आमच्या घरात मुंगूस नव्हतं, मास्तर. नुसती माणसं हुती."

'हुती'सुद्धा मास्तरांनी सुधारलं. मग त्यांनी निवाडा दिला. मुंगूस आठ दिवस त्यांच्या घरी, त्यांच्या देखरेखीखाली राहील. आठ दिवसांत ते शिंकलं नाही तर सन्मानानं परत. शिंकलं तर पोत्यात घालून विहिरीत. पेठेच्या रक्षणासाठी.

दारात लोक जमले होते. नाही म्हणावं तर उद्यापासून चटणी कुणी घेणार नाही आणि परवा कुणीतरी गुंड्याला दगडानं ठेचणार, हे निंगव्वाला दिसत होतं. आणि गुंड्या आजवर एकदाही शिंकला नव्हता. तिनं स्वतःच्या हातानं त्याला पिंजऱ्यात घातलं. त्याचं नाक कोरडं खडखडीत आहे, हे धुळाला बोट लावून बघायला लावलं.

"बघितलास न्हवं? कोरडं हाय की न्हाई?"

"हाय की," धुळा म्हणाला.

मग आठ दिवस मास्तरांनी शास्त्र केलं. पिंजरा त्यांच्या खोलीत, टेबलावर, कंदिलाशेजारी. खिडकी बंद, कारण रोग बाहेर उडू नये. मास्तर जाड भिंग घेऊन तासन्‌तास मुंगसाच्या नाकाला आपलं नाक भिडवून बसत. मधूनच त्यांना शिंक आवरत नसे आणि ती भिंगाच्या बाजूनं थेट पिंजऱ्यात जाई. भिंग ते पुसत. मुंगसाचं तोंड कोण पुसणार! निंगव्वा रोज सकाळी दूध घेऊन जायची. मास्तर तिला ओट्याच्या वर येऊ द्यायचे नाहीत, दूध त्यांची बायको बजाबाई आत न्यायची. बजाबाई कमी बोलायची. बोललं की दुरुस्ती होते, हे तीस वर्षांत ती शिकली होती.

"कसा हाय?" निंगव्वा विचारायची.

"हाय बरा," बजाबाई म्हणायची. सहाव्या दिवशी मात्र तिनं वाटी तशीच परत आणून दिली. दुधाला तोंड लावलं नव्हतं.

सातव्या दिवशी गुंड्या शिंकला.

मास्तरांना इतका आनंद त्यांचा पहिला विद्यार्थी पास झाला तेव्हाही झाला नसेल. त्यांनी धुळाकरवी सगळी पेठ बोलावली. दुसऱ्या दिवशी सकाळी ओट्यावर पिंजरा मांडला, शेजारी पोतं, पोत्यात तळाला दगड. मास्तर गळ्याला मफलर गुंडाळून उभे राहिले. गुंड्या कोपऱ्यात गोळा होऊन बसला होता. त्याच्या नाकाखालची लव ओली होऊन चिकटली होती आणि श्वास घेताना त्याचं सारं अंग हलत होतं. तो दोनदा शिंकला. इतक्या बारीक शिंका की मागच्यांना ऐकूसुद्धा गेल्या नाहीत. मास्तरांनीच त्या मोठ्यानं मोजून दाखवल्या.

"सिद्ध झालं!" ते म्हणाले. "रोग मुंगसाच्या नाकात आहे."

निंगव्वा माणसांतून वाट काढत पुढं आली. तिनं कुणाला विचारलं नाही. पिंजऱ्याचं दार उघडलं, गुंड्याला उचललं, ओट्यावरच बसकण मारली आणि पदराच्या टोकानं त्याचं नाक पुसलं. त्याचं अंग तव्यासारखं तापलं होतं.

"बाजूला हो," मास्तर म्हणाले. "धुळा, घे ते."

"धुळा," निंगव्वानं मान वर न करता विचारलं, "तू बोट लावून बघितलं हुतंस. मी दिलं तवा नाक कसं हुतं?"

धुळानं मास्तरांकडं बघितलं, मग पोत्याकडं. "कोरडं हुतं," तो पुटपुटला.

"मग आठ दिसांत ते ओलं कुटनं झालं? मुंगूस कुटं गेलं न्हाई, कुणाला भेटलं न्हाई. एका खोलीत हुतं. त्या खोलीत आणि कोण हुतं?"

गर्दीत चुळबूळ झाली. मास्तर हात वर करून काही शास्त्रीय सांगणार, तेवढ्यात दारातून आवाज आला. बजाबाई उंबऱ्यात उभी होती. चारचौघांत तिचा आवाज पेठेनं क्वचितच ऐकला असेल.

"ह्येच की," ती म्हणाली. "गड्ड्यावनं आल्यापासनं ह्यांचं नाक गळतंय. दिसभर त्याच्या तोंडावर शिंकत व्हते."

"व्हते नव्हे," मास्तरांनी तीस वर्षांच्या सवयीनं सांगितलं. "शिंकत होते."

क्षणभर कुणाला काही कळलं नाही. मग मागच्या बाजूला कुणीतरी फिसकन हसलं, आणि ते हसू साऱ्या गर्दीत पसरलं. लोक पोट धरून हसले. मास्तर काय झालं म्हणून इकडेतिकडे बघत राहिले, आणि जेव्हा त्यांना कळलं तेव्हा ते शिंकले. पुढची चार माणसं झटकन मागं सरली. पोराबाळांना आयांनी मागं ओढलं. धुळानं पोत्यातला दगड काढून ओट्याच्या कडेला ठेवला आणि पोतं झटकून खांद्यावर टाकलं. मंडळ तिथंच विसर्जित झालं.

निंगव्वा हसली नाही. ती गुंड्याला पदराखाली घेऊन घरी गेली. तिनं सुंठ उगाळली, उखळाशेजारी ऊब राहावी म्हणून शेगडी ठेवली, कापसाच्या बोळ्यानं दूध त्याच्या ओठांवर पिळलं. माणसांचं तिनं पूर्वी जे जे केलं होतं ते सगळं केलं, आणि त्याचा तेव्हा झाला तेवढाच उपयोग आताही झाला. तिसऱ्या दिवशी दुपारी तिच्या मांडीवर गुंड्याचा श्वास थांबला. तिनं परसात खड्डा खणला, त्याच्या कपाळाला विभूती लावली आणि लिंगायतांत माणसाला पुरतात तसं त्याला बसवून पुरलं. कुणी हसेल याची तिला पर्वा नव्हती. त्या दिवशी पेठेत कुणी हसलंही नाही.

आठवड्यानं ती परत चटणी कांडायला बसली. पोत्यांमागं उंदरांची खुडबुड सुरू झाली होती. दुकानापुढं सावली पडली म्हणून तिनं वर बघितलं. रावजी मास्तर उभे होते. गळ्यात मफलर नव्हता, चेहरा टवटवीत होता, हातात रिकामी वाटी होती. झालेल्या गोष्टी विसरायच्या कशा हे विद्वानांना कुणी शिकवावं लागत नाही. मुंगसाची त्यांनी चौकशी केली नाही. माफीचा तर प्रश्नच नव्हता.

"जरा चटणी दे, निंगव्वा," ते प्रसन्नपणे म्हणाले. "तोंडाला चव आली बघ आज. माझी सर्दी गेली एकदाची."

निंगव्वानं मुसळ बाजूला ठेवलं. तिनं मास्तरांच्या कोरड्या, स्वच्छ नाकाकडं नीट बघून घेतलं.

"जाणारच की," ती म्हणाली. "कुटं गेली ते मला ठावं हाय. परसात पुरलीय."