काळ्या काचेआडचं तळं

रेलिनला स्वप्नं पाहायला डोळे मिटावे लागत नसत. इतिहासाच्या तासाला, जेवताना घास हातात धरून, ती खुशाल कुठेतरी निघून जाई. पण निघून जायचं खरं ठिकाण तिला सतराव्या वर्षी सापडलं. हायस्कूलची पिवळी बस रोज सकाळी बारा पोरांना नदीकाठच्या कम्युनिटी कॉलेजात वेल्डिंग शिकायला नेई. तिथे हेल्मेटची काच खाली ओढली की जग काळं होई, आणि रॉड टेकताच त्या काळोखात हिरवं तळं उजळे. वितळल्या लोखंडाचं, नखाएवढं. रेलिन त्याच्या काठाकाठाने चालू लागे.

तिच्या आईला, डार्लाला, हे मुळीच पसंत नव्हतं. "दाराला धडकतेस तू चालताना, आणि आगीशी खेळणार?" डार्ला कोंबड्यांच्या कारखान्यात होती आणि शाळा संपली की जूनपासून कामाला म्हणून लेकीचं नावही तिने तिथे घालून ठेवलं होतं. ठरलं होतं ते इतकंच: परीक्षा पास झाली तर रेलिन बोटींच्या गोदीत वेल्डिंगला जाणार, नाहीतर कोंबड्या कापणार.

परीक्षा साधी दिसे. लोखंडाचे दोन तुकडे जोडायचे आणि ती पट्टी यंत्रात घालून घोड्याच्या नालासारखी वाकवायची. सांधा उघडला की नापास. परीक्षेच्या दिवशी रेलिन तळ्याकाठी इतकी रमली, की काच वर केली तेव्हा बाहेर बसचा भोंगा वाजत होता आणि पट्टी अजून तापलेली होती.

"अगं, बुडव की बादलीत!" वर्गातला डाल्टन ओरडला. "बस चालली!"

पाण्यात बुडवलं तर लोखंड लगेच निवतं, पण ठिसूळ होतं. परीक्षेची पट्टी आपल्या आपण निवू द्यायची असते. रेलिन बसून राहिली आणि बस गेली. बस चुकायची ही तिसरी खेप, म्हणजे शाळा आता आईलाच न्यायला पाठवणार होती.

एवढं करून पट्टी वाकवली, तर मधोमध फुटली.

प्रुइट सरांनी भेगेत नख घातलं. "रॉड संपला म्हणून बदललास ना, तिथेच फुटलीय. तेव्हा कुठे होतीस?"

"लांब." तिला रडूच फुटलं.

"सगळेच जातात गं तिकडे. रॉड बदलताना तेवढं परत यायचं. नियम ठाऊक आहे ना? एक फुटली तर लगेच दोन करायच्या, आणि दोन्ही टिकायला हव्यात. बस तर गेलीच आहे."

तेवढ्यात रबरी बुटांतली डार्ला दारात उभी. "अर्धा तास जेवणाची सुट्टी, त्यात ही तुझी वरात! झालं का?"

"एक फुटली, आई."

"मला माहीतच होतं. चल."

सरांनी वाद घातला नाही. डार्लाच्या हातात एक हेल्मेट दिलं. "दोन पट्ट्या राहिल्यात. बघायचं तर काचेतूनच बघा, बाई. नाहीतर डोळे जातील."

रेलिनने रॉड टेकवला. तळं उजळलं. ती काठाने निघाली, पण रॉड संपताच थांबली, जळकट पापुद्रा घासून काढला, श्वास घेतला आणि मगच पुन्हा काठावर पाऊल टाकलं. असं दर वेळी. दुसरी पट्टीही झाली. आईने एकदाही हाक मारली नव्हती.

रेलिनने काच वर केली. आईची अजून खालीच होती.

"आई?"

"हे तुला रोज दिसतं?"

"रोज."

डार्लाने हेल्मेट काढलं. डोळे पुसले आणि कारखान्यात फोन लावला. "वांडा, जूनच्या यादीतून आमच्या पोरीचं नाव खोड."

"अहो, पट्ट्या वाकवायच्यात अजून," सर म्हणाले.

"वाकवा की. मी थांबते."

तिची सुट्टी केव्हाच संपली होती. तरी पट्ट्या निवेपर्यंत ती लेकीला खेटून बाकावर बसून राहिली. मग दोन्ही पट्ट्या एकामागून एक वाकल्या, कुठेही न उघडता. डार्लाने त्यातली एक उचलली आणि कुणाला न विचारता आपल्या एप्रनच्या खिशात घातली.