हलत्या हाताचे घड्याळ

जुन्या वस्तूंच्या दुकानातून आणलेले घड्याळ सुरू होईना, तेव्हा पहिला संशय अर्थातच दुकानदाराचा आला. हातावर बांधा, आपोआप चालेल, असे तो छातीठोकपणे म्हणाला होता. बाबांनी ते आठवडाभर बांधले; झटकले की काटा दोन-चार मिनिटे थरथरे आणि पुन्हा मान टाकी.

"सेकंडहँड घेतलंस ना? मग भोग आता," बाबा म्हणाले. "दुसऱ्याच्या अंगवळणी पडलेली वस्तू. ती माझं कशाला ऐकेल?"

घड्याळ घेतले होते त्यांच्या फिरण्यासाठी. हृदयविकाराच्या झटक्यानंतर डॉक्टरांनी बजावले होते: रोज तासभर विनात्रास चालता आले, तर शस्त्रक्रिया टाळू; दम लागला, तर लगेच कळवा. सहा आठवडे बाबा सकाळी सातला बाहेर पडत, आठला परतत आणि सांगत, "तासभर चाललो. घामसुद्धा नाही." मी ते डॉक्टरांना फोनवर शब्दशः कळवीत असे.

कोपऱ्यावरच्या घड्याळजींनी मागचे झाकण उघडून डोळ्याला भिंग लावले. आत अर्धचंद्राच्या आकाराचा एक जड पत्रा होता. त्यांनी तळहात तिरका करताच तो निवांत घरंगळला.

"तेल ताजं आहे, चाकं स्वच्छ आहेत. बिघाड काही नाही, ताई."

"मग चालत का नाही?"

"याला चावी द्यावी लागत नाही. हात हलला की हा पत्रा फिरतो, पत्रा फिरला की स्प्रिंग गुंडाळली जाते. घालतं कोण?"

"माझे वडील. रोज तासभर चालतात."

भिंगाआडचा डोळा माझ्यावर जरा जास्तच रेंगाळला. "दोन दिवस तुम्हीच बांधून बघा."

चोर चोर मावसभाऊ, असे मनाशी म्हणत मी घरी आले. दुकानदाराचे पाप हा माणूस झाकत असणार! तरीही घड्याळ बांधले. कपडे वाळत घालताना, शाळेचे जिने चढताना, वह्यांचे गठ्ठे उचलताना ते मनगटावर अखंड कुजबुजत राहिले. दोन दिवसांत मिनिटाचाही फरक नाही. मग ते बाबांना दिले. तिसऱ्या सकाळी ते पुन्हा निपचित पडलेले.

संशयाला पाय फुटतात, आणि ते पाय हळूहळू आपल्याच उंबरठ्याकडे वळतात.

दुसऱ्या दिवशी मी अंतर राखून बाबांच्या मागे निघाले. गल्लीच्या टोकाला किंचित चढ आहे. तिथे ते थांबले, शिंप्याच्या बंद दुकानाची पाटी वाचल्यासारखे केले आणि त्याच दुकानाच्या पायरीवर बसले. घड्याळाचा हात मांडीवर, दगडासारखा निश्चल. माणसे येत-जात राहिली. बाबा त्यांच्या आरपार, हरवलेल्या कशाकडे तरी पाहत राहिले. पावणेआठला त्यांनी मनगट पाहिले, इकडेतिकडे नजर टाकली आणि औषधाची बाटली हलवावी तसा हात गदागदा हलवू लागले. इतक्या मनापासून, की मला हसूच फुटले.

मी समोर जाऊन उभी राहिले.

"घड्याळ बंद पडतं गं," मान वर न करता ते म्हणाले.

"घड्याळ ठणठणीत आहे, बाबा."

हात थांबला. "मागावर आलीस होय? बापावर पाळत?"

"किती दिवस झाले?"

"कशाला?"

"बाबा."

"चढ लागला की छातीवर कुणीतरी बसतं," शेजाऱ्याचे दुखणे सांगावे तसे ते बोलले. "झाला असेल महिना-दीड महिना."

"आणि घामसुद्धा नाही!"

"बसल्या जागी कुठून येणार घाम?" ते हसले, मग ओठ मिटले. "मला चिरून घ्यायचं नाही. एकदा टेबलावर आडवं केलं की माणूस त्यांचा होतो."

मी फोन काढला. सहा आठवडे त्यांचे खोटे माझ्या आवाजात डॉक्टरांपर्यंत पोहोचले होते. आता ते माझ्याच आवाजात परत घ्यायचे होते. पलीकडून सगळे ऐकून डॉक्टर एवढेच म्हणाले, "आत्ता घेऊन या. चालवत नको."

"दाढी तरी करून येतो," बाबा उठू लागले.

"बसा. गाडी इथेच बोलावलीय."

"अगं, या अवतारात?"

"याच अवतारात."

गाडीने वळण घेतले तेव्हा ते खिडकीकडे तोंड करून म्हणाले, "आता अगदी बरं वाटतंय बघ. उगाच तुझी धावपळ."

मी त्यांच्या ओठांचा रंग न्याहाळत राहिले. त्यांच्या एकाही शब्दावर मी विश्वास ठेवला नाही.