गडग्यात अडकलेले कोर्ट

मित्रांनो, मी एक जुनी गाडी आहे. पण लगेच नाक मुरडू नका हं! वऱ्हाड नेणाऱ्या, मासळी वाहणाऱ्या गाड्या तुम्ही पुष्कळ पाहिल्या असतील. माझ्या पोटात मात्र कोर्ट भरते. रत्नागिरी जिल्ह्यात गावोगाव हिंडणारी लोकअदालतीची गाडी, ती मी.

जन्मले तेव्हा मी चारचौघींसारखीच होते. मग एका गॅरेजात माझी आसने काढली, मधोमध टेबल बसवले, खुर्च्या मांडल्या आणि माझ्या पांढऱ्या अंगावर तराजू रंगवला. पहिल्या दिवशी माझ्यापुढे नारळ फुटला, गळ्यात झेंडूची माळ पडली. मी अशी काही ऐटीत उभी राहिले की माझा ड्रायव्हर रावजी म्हणाला, "अगो, टायरात हवा हाय तेवढी पुरे. आणखी फुगू नको!"

तालुक्याच्या कोर्टात खेपा घालणे ज्यांना जमत नाही, त्यांच्या दारी मी जायचे. माझ्यात एक निवृत्त न्यायाधीश बसत. सगळे त्यांना बाईसाहेब म्हणत. भांडणाऱ्या दोघांना समोर बसवायचे, ऐकून घ्यायचे आणि दोघांनाही पटेल अशी तडजोड लिहायची, एवढेच आमचे काम. पण ती तडजोड कोर्टाच्या निकालाइतकीच पक्की. शिवाय तिथे कोणी हरत नाही, म्हणून कोणाला मान खाली घालून घरी जावे लागत नाही. सुरुवातीला लोकांना हे कळेचना. गुहागरकडच्या एका वाडीत तर बायका पोरांना काखोटीला मारून माझ्यापुढे रांगेत उभ्या राहिल्या. त्यांना वाटले, डोस पाजायला गाडी आली! बाईसाहेबांनी हसत हसत पोरांना गोळ्याबिस्किटे वाटली आणि मगच काम सुरू केले.

पण मला खरी आठवण सांगायची आहे ती बुरोंडीची.

तिथल्या एका वाडीत हिरा नावाची मासळी विकणारी बाई राहत होती. नवरा देवाघरी गेलेला, मुलगा भावेश मुंबईला नोकरीत. घरी ती आणि तिची सून मनिषा, दोघीच. मनिषाचे दिवस भरत आले होते. घराकडे जायला एकच वाट, आणि त्या वाटेला लागून हिराचा थोरला दीर दत्ताराम याने कुंपण म्हणून जांभ्या दगडांचा गडगा घातला होता. चांगला वाटेत सरकवून घातला होता! माणूस जाई, पण रिक्षा जात नसे. एकदा मनिषाला चक्कर आली, तेव्हा तिला खुर्चीत बसवून चौघांनी रस्त्यापर्यंत उचलून आणले. त्या दिवसापासून हिराच्या जिवाला घोर लागला. ऐन वेळी गाडी दारात आली नाही तर? दापोलीच्या कोर्टात दावा होता, पण तारखा पडत होत्या आणि बाळ काही तारीख बघून थांबणार नव्हते.

आम्ही वाडीत पोहोचलो. बाईसाहेब म्हणाल्या, "रावजी, गाडी थेट हिराबाईंच्या दारापर्यंत घ्या."

"नाय जायची बाईसाहेब. घासंल."

"अँब्युलन्सही एवढीच रुंद असते ना? मग बघूच या."

झाले! गडग्याच्या तोंडाशी गेले आणि अशी अडकले म्हणता! डावी कूस दगडांना, उजवी माडाला. दोन्हीकडची दारे उघडेनात. मागे यावे तर एक दगड निसटून चाकामागे बसलेला. माझा रंग खरवडला गेला, तराजूचे एक पारडे पार पुसले. लाजेने मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. सगळी वाडी खो खो हसत होती. बाईसाहेबांनी मात्र शांतपणे चष्मा पुसला. "अडकलोच आहोत, तर इथेच कोर्ट भरवू," त्या म्हणाल्या.

मग काय सांगू तुम्हाला! डाव्या खिडकीशी गडग्यापलीकडे दत्ताराम, उजव्या खिडकीशी हिरा आणि मनिषा, मधे मी. एकमेकांचे तोंड दिसत नव्हते, आणि बघायचेही नव्हते.

"बाईसाहेब, त्यांना सांगा, माझी सून पोटुशी हाय," हिरा म्हणाली.

"बाईसाहेब, तिला सांगा, जागा माझी हाय," दत्ताराम म्हणाला.

"गडगा कधी घातलात?" बाईसाहेबांनी विचारले.

"भावेशच्या लग्नाच्या दुसऱ्या दिवशी."

"लग्नाला गेला होतात?"

दत्ताराम घोगऱ्या आवाजात म्हणाला, "बोलावल्याबिगर कोण जातंय?"

"बोलावलं नाय?" हिरा उसळली. "मोबाइलवर पत्रिका धाडली होती की!"

"मोबाइलवर!" दत्ताराम कडाडला. "बाईसाहेब, माझा भाऊ गेला तेव्हा हा पोर एवढासा होता. याला पोहायला मी शिकवला, होडीवर पहिला मी नेला. त्याच्या लग्नाची दारात अक्षत नाय, सुपारी नाय! मोबाइल टिंग करून वाजला नि झालं आमंत्रण?"

कोर्टाच्या कुठल्याही कागदात हे नव्हते. वकिलाला तरी हे कोण सांगणार?

हिराचा चेहरा उतरला. किती तरी महिन्यांनी ती सरळ दिराशी बोलली. "भावजी, भावेश म्हणाला, आता समदे असंच करतात. मी ऐकलं. मी स्वतः यायला हवं होतं. चुकलं माझं."

तेवढ्यात मनिषा घरात गेली आणि ताटली घेऊन आली. ताटलीत नारळ, सुपारी आणि कुंकू लावलेले तांदूळ होते. तिची ओटी भरायची होती ना! पण वाट तर मीच अडवून बसलेली. ती पलीकडे जाणार कशी? तिने ताटली उजव्या खिडकीतून बाईसाहेबांच्या हाती दिली. बाईसाहेब उठल्या, डोक्यावर पदर घेतला आणि ती डाव्या खिडकीतून बाहेर धरली. "दत्तारामभाऊ, सुनेच्या ओटीभरणाचं आमंत्रण आहे. काकूंना घेऊन या."

"मोठे काका, मी वाकून नमस्कार करते, इथूनच," मनिषा म्हणाली.

"वाकू नको गो बाय! तशीच उभी ऱ्हा!" दत्ताराम ओरडला. त्याने सुपारी कपाळाला लावली. डोळे पुसले. मग रावजीला म्हणाला, "इंजिन बंद कर रे," आणि गडग्याचा वरचा दगड स्वतःच्या हाताने उचलून बाजूला ठेवला. वाडीतले बाप्ये धावले. माझी कूस मोकळी झाली तेव्हा मी असे हुश्श केले म्हणता! पण सगळ्यात मोठा सुस्कारा हिराचा होता. ती माडाला टेकून मटकन खाली बसली आणि रडता रडता हसायला लागली. गडगा मागे घ्यायची तडजोड माझ्याच टेबलावर लिहिली गेली आणि दत्तारामने सर्वांत आधी अंगठा उठवला.

मित्रांनो, ती माझी शेवटची फेरी. आता मी म्हातारी झाले आहे. खाऱ्या वाऱ्याने माझा पत्रा खाल्ला. दापोलीच्या कोर्टाच्या आवारात फणसाखाली उभी असते. टपावर कावळे बसतात, टायर बसले आहेत, आणि कधीमधी रावजी फडके मारून जातो तेवढेच. वाईट वाटते, खोटे कशाला बोलू? पण मी इथे आले त्याच महिन्यात एके सकाळी समोरच्या रस्त्याने भोंगा वाजवत १०८ची गाडी आली. पुढच्या आसनावर दत्ताराम बसला होता. अर्धा बाहेर वाकून, हात हलवत, घसा फोडून ओरडत होता, "बाजूला व्हा रे, बाजूला! आमची सून हाय आत! वाट द्या!" संध्याकाळी रावजीने सांगितले, मुलगी झाली, दोघी सुखरूप आहेत. त्या दिवशी माझा सगळा गंज विसरले मी.

माझ्यासारख्या जुन्या गाड्यांना अधूनमधून तेलपाणी करा, एवढेच मागणे. आणि तुमच्या घरातले कोणी रुसून बसले असेल, तर माझी वाट बघू नका. मी आता निघू शकत नाही. तुम्हीच जा त्यांच्या दारी.