नावं ठेवायची सोय

चिमणभाईंनी 'जतन करा' समजून पुन्हा एकदा 'रद्द करा'वर टिचकी मारली आणि पडद्यावरचं अख्खं बिल गायब झालं. रिकाम्या पडद्याकडे ते थोडा वेळ बघत राहिले. मग शेजारी बसलेल्या कल्पिताकडे वळून प्रसन्न हसले.

"मस्त आहे. एकदम सोप्पं."

"पण बिल गेलं ना, भाई?"

"गेलं तर गेलं, दुसरं करू. तुमची कंपनी वापीहून इथे आली, चहा दिला, नाश्ता दिला. आणखी काय पाहिजे माणसाला?"

त्यांनी फॉर्मवरच्या पाचही चांदण्या स्वतःच्या हाताने रंगवल्या, वर 'उत्तम' असं लिहून सही ठोकली आणि ते बिस्किटांच्या दिशेने निघून गेले.

दुकानदारांसाठी बिलं करायचं सॉफ्टवेअर विकणाऱ्या कंपनीने डहाणूच्या एका हॉलमध्ये आपल्या गिऱ्हाइकांचा मेळावा भरवला होता. मोठ्या दालनात भाषणं चालली होती आणि बाजूच्या खोलीत एक टेबल, एक लॅपटॉप आणि कल्पिता. बिलाचा नवा पडदा लोकांच्या हातात द्यायचा, ते कुठे अडतात ते गप्प बसून बघायचं आणि लिहून घ्यायचं, हे तिचं काम. नरपडच्या मासळीबाजारात वाढलेल्या मुलीला यातलं गप्प बसणं तेवढं जड गेलं होतं, पण सहा महिन्यांच्या उमेदवारीत तिने तेही अंगवळणी पाडलं होतं.

ती उमेदवारी आज संपत होती. सकाळी गाडीतून येताना तिचे साहेब हार्दिकसर यांनी पुढच्या सीटवरून, मान न वळवता, तिला ऐकवलं होतं, "सोमवारी हा पडदा सगळ्या दुकानांत जाणार. गिऱ्हाइकं छानच म्हणणार असतील, तर ते ऐकायला पगारी माणूस कशाला ठेवायचा?"

"सर, पण पडद्यात चुका आहेत."

"ते तुझं मत झालं. मला गिऱ्हाइकाचं मत आण."

तेव्हा गिऱ्हाइकाच्या तोंडून चुका निघाल्या तरच कल्पिताची नोकरी टिकणार होती, आणि गिऱ्हाईक तर कौतुकाला पेटलेलं. तलासरीत खता-बियाण्यांचं दुकान चालवणारे काकड्यादादा निम्म्या बिलात अडकले, घामाघूम झाले आणि म्हणाले, "चांगला हाय. आमालाच येत नाय." सायवनच्या बचत गटाचा मसाला विकणाऱ्या निर्मलाताईंना तर शेवटपर्यंत बिल सापडलंच नाही. त्यांनी "रंग छान आहे हो" म्हणून कल्पिताच्या पाठीवरून हात फिरवला. कल्पिताला राग कुणाचा करावा हेच कळेना. जिने चहा पाजला, तिच्यासमोर तिच्याच मालाला नावं ठेवायला या मंडळींची जीभ रेटत नव्हती. एवढ्या चांगल्या माणसांनी तिची नोकरी घालवायची असं जणू ठरवूनच टाकलं होतं.

जेवणाच्या सुट्टीत तिला श्रीखंड गोड लागेना. ती फाटकापाशी जाऊन उभी राहिली. तिथे एक बाई ताडगोळ्यांची पाटी घेऊन बसली होती. चिमणभाई आले, वाकून बघितलं, "वा, फस्क्लास माल आहे" म्हणाले आणि दात कोरत पुढे गेले. मागून वेणूमावशी आली. मेळाव्याला आलेली ही नरपडची सुक्या मासळीची व्यापारीण, कल्पिताच्या आईची बाजारातली जोडीदारीण. तिने एक ताडगोळा दाबला आणि तोंड वाकडं केलं.

"ह्यो कालचा हाय."

"सकाळी काडलाय, मावशी."

"निबर हाय. साल बग कशी झालीय. पानी तरी हाय का यात? आनि ह्यो तर फुटलेला. कोन खाईल?"

असं करत करत तिने पाटीतल्या जवळजवळ प्रत्येक ताडगोळ्याचा उद्धार केला, भाव निम्म्यावर आणला आणि अर्धी पाटी पिशवीत भरून घेतली.

कल्पिता जेवण तसंच टाकून खोलीत पळाली. तिने सगळे फॉर्म खोक्यात कोंबले. एका पुठ्ठ्यावर मार्करने ठळक लिहिलं: 'बिलाचा नवा पडदा विकणे आहे. किंमत दहा हजार. भाव करून मिळेल.' आणि पुठ्ठा टेबलावर उभा केला.

पहिली वेणूमावशीच आली.

"धा हजार? काय गो, सोन्याचा हाय का?"

"बघून घे ना, मावशी. मग बोल."

मावशी खुर्चीत बसली. पदर खोचला. आणि मघाशी ताडगोळे दाबले तशी एकेक बटण दाबू लागली.

"ह्यो काय, आधी गिऱ्हाइकाचा मोबाइल नंबर मागतोय? सकाळच्या घाईत बाई बोंबील मागते, तिला नंबर विचारू? ती जाईल ना पलीकडच्या पाटीवर. आनि किलोच हाय फक्त. आमी पाटीनं विकतो. पाटी कुटं हाय? नाय ना? मग दोन हजार कमी कर."

कल्पिताचं पेन धावू लागलं.

"रद्द नि जतन शेजारी शेजारी, दोनी लाल," काकड्यादादा मागून ओरडले. सकाळच्या फजितीचा सगळा राग त्यांना आत्ता आठवला होता. "माजा बिल दोन टाइम गेला. ह्याचे हजार तरी काप!"

"अक्षरं बघा केवढीशी," निर्मलाताई चष्मा सरसावून पुढे सरकल्या. "आमच्या गटात चाळिशीच्या आतलं कुणी नाही. आणि बिल जातं कुठे ते एकदा दाखवा बघू. रंग तेवढा छान आहे, तो राहू दे."

गलका ऐकून दालनातले लोक भाषण सोडून इकडे वळले. भाव करायचा आहे म्हटल्यावर कुणाला भीड उरली नाही. एरवी माइक हातात दिला तरी न बोलणारी माणसं दुसऱ्याचं वाक्य तोडून चुका सांगत होती. कुणी अडखळलं की शेजारचा त्याला चूक पुरवत होता. पडद्याची किंमत चारशेवर आली. कल्पिताचे कागद पाठपोट भरले, मग तिने नाश्त्याच्या कागदी प्लेटांवर लिहायला घेतलं. एवढ्या शिव्या ऐकून एखादीला रडू आलं असतं. तिला मात्र नाचावंसं वाटत होतं.

"चारशे," वेणूमावशी उठता उठता म्हणाली. "पन नंबरचा खोका काडून, आनि पाटी घालून. कवा देशील?"

गर्दी पांगली तेव्हा दारात हार्दिकसर उभे होते. त्यांनी पुठ्ठा वाचला. मग कागद वाचले, मग प्लेटा, एकेक करून, चटणीचे डाग टाळत. खिडकीशी जाऊन त्यांनी कुणाला तरी फोन लावला आणि हळू आवाजात "सोमवारचं थांबवा" असं सांगितलं. मग ते वळले.

"गिऱ्हाइकांना फुकट द्यायची गोष्ट विकायला काढायची परवानगी तुला कोणी दिली?"

कल्पिताने पुठ्ठा उचलून पाठीमागे धरला.

"भाषणं चालू असताना निम्मा हॉल रिकामा झाला. माझं भाषण होतं ते. आणि हे अक्षर? मला निम्मं लागत नाही. कंपनीचा टी-शर्ट दिलाय, तो घातलेला नाहीस. गप्प बसायचं काम दिलं, तर बाजार भरवलास. रोज नरपडहून वापीला यायचं, म्हणजे उशिराला गाडीचं कारण आलंच."

नोकरी गेली, आता आईला काय सांगायचं, असं मनात येऊन कल्पिता खाली मान घालून प्लेटा गोळा करू लागली.

"अनुभव म्हणशील तर सहा महिन्यांचा," सर खुर्ची ओढून बसत म्हणाले. "कॉम्प्युटरची डिग्रीही नाही. तेव्हा तू मागशील तेवढा पगार काही जमणार नाही, आधीच सांगतो."

कल्पिताचा हात थांबला. तिने तर अजून काहीच मागितलं नव्हतं.

तिने प्लेटा बाजूला ठेवल्या, समोरची खुर्ची ओढली आणि ओढणी नीट करून ऐसपैस बसली.

"तुम्ही बोला ना, सर," ती म्हणाली. "आधी तुमचा आकडा सांगा."